मे महिन्यातली भेग आणि मंगळावरचा चिखल

कळमेश्वरच्या पुढे मोठ्या मामांचं वावर आहे. काळी, भारी जमीन. मे महिन्यात तिथं उभं राहिलं की जमीन चारी बाजूंनी फाटलेली दिसते. भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. लहानपणी माझा एक कंचा असाच जमिनीच्या पोटात गेला, तो काही परत आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना फोनवर एक फोटो दाखवला. सपाट खडक, त्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी नक्षी. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"हे तं काळीतलंच हाये. कोणाचं वावर हाये?"

"मंगळावरचं आहे, मामा."

"बाप्पा! मंग तिथं पाणी पडते का?"

"आता नाही. फार पूर्वी असावं."

"एकदाच का घडीघडी?"

हा शेवटचा प्रश्न लाखमोलाचा आहे. 'मंगळावर पाणी होतं' ही बातमी आता शिळी झाली, दर दोन वर्षांनी कोणीतरी ती नव्याने देतं. पाणी एकदा येऊन गेलं की पुन्हा पुन्हा येत राहिलं, हे ठरवणं अवघड. त्या फोटोत नेमकं त्याचंच उत्तर आहे, आणि ते भेगांच्या कोपऱ्यांत आहे.

ओला चिखल पहिल्यांदा वाळतो तेव्हा आधी एक लांब भेग पडते. दुसरी भेग तिच्याकडे येते आणि काटकोनात धडकून थांबते. हिंगणा टी-पॉइंटला एक रस्ता दुसऱ्याच्या अंगावर येऊन संपतो ना, तसं. म्हणजे पहिल्या वाळवणीतले कोपरे इंग्रजी 'टी' अक्षरासारखे. पुन्हा पाणी आलं की भेगा अर्धवट बुजतात, पण ती जागा कच्चीच राहते. परत वाळताना जमीन तिथंच उकलते, फक्त ओढ तिन्ही बाजूंनी सारखी बसत असल्याने कोपरा दरवेळी थोडा वळतो. असं अनेकदा झालं की 'टी'चा 'वाय' होतो, तिन्ही भेगांमधले कोन १२० अंशांच्या आसपास येतात आणि चौकटींचे षटकोन बनतात. प्रयोगशाळेत हे चिखलाच्या थरावर करून पाहिलेलं आहे. मीही गच्चीवर जुन्या परातीत केलं. नागपूरच्या मे महिन्यात परात वाळायला दोन दिवससुद्धा लागत नाहीत. आठव्या-नवव्या खेपेला कोपरे वळायला लागले असं मला वाटलं. शास्त्रीय मोजमाप म्हणाल तर शून्य, घरच्यांचा वैताग मात्र भरपूर.

मंगळावरचे हे षटकोन २०२१ मध्ये क्युरिऑसिटी रोव्हरने, म्हणजे मंगळावर चाकांवर फिरणाऱ्या यंत्रगाडीने, टिपले आणि त्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेक षटकोन जेमतेम चार सेंटिमीटरचा, आणि त्यांच्या कडांवर सल्फेट क्षारांचे उंचवटे. चिखल ओला झाला, वाळला, पुन्हा ओला झाला, आणि हे दीर्घकाळ चाललं, असा त्याचा अर्थ. पाणी पावसाचं होतं, पुराचं होतं की जमिनीखालून वर येत होतं, ते भेगेवरून सांगता येत नाही. पण घडीघडी होतं. जीवसृष्टीच्या उगमाचा विचार करणाऱ्यांना हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पाणी आटताना त्यात विरघळलेले रेणू एकमेकांजवळ येतात आणि त्यांच्या लांब साखळ्या जुळण्याची शक्यता वाढते. कायम भरलेल्या समुद्रात सगळं पातळच राहतं.

फोटोवरून एवढं कळतं. आता मातीकडे.

माती हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे. अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे, तिथल्या जाणकारांसमोर मंगळाच्या भुग्याला माती म्हटलं तर ते भुवया उंचावतील. मातीत कुजलेला पाला हवा, मुळं हवीत, किडे-जीवाणू हवेत. मंगळावर आहे तो दगडांचा चुरा, वाळू आणि धूळ. त्याला रेगोलिथ म्हणतात. तो शब्द एकदा सांगून मी पुन्हा मातीवर येतो.

क्युरिऑसिटी गेल नावाच्या १५४ किलोमीटर रुंद विवरात ऑगस्ट २०१२ मध्ये उतरला. वजन सुमारे ९०० किलो, आकार मोटारीएवढा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने वाळूच्या एका छोट्या ढिगातून पहिली चिमूट उचलून पोटातल्या उपकरणात टाकली. उपकरणाचं काम ऐकायला गमतीचं आहे. चाळलेली पूड दोन पारदर्शक पडद्यांमध्ये ठेवायची, ती थरथरवत राहायची म्हणजे कण सगळ्या बाजूंना फिरतात, आणि आरपार क्ष-किरण सोडायचे. प्रत्येक खनिजात अणू ठरावीक अंतरावर रांगेत बसलेले असतात, त्यामुळे पलीकडे किरणांची ठरावीक वर्तुळं पडतात. वर्तुळांमधलं अंतर मोजलं की खनिजाचं नाव कळतं. अंगठ्याचा ठसा घेऊन माणूस ओळखावा तसं.

निघालं काय? फेल्डस्पार, पायरॉक्सीन, ऑलिव्हीन. जवळपास अर्धा भाग काचेसारखा, स्फटिक नसलेला. यातली पहिली दोन खनिजं म्हणजे आपल्या सेमिनरी हिल्सच्या आणि सीताबर्डीच्या टेकडीच्या काळ्या दगडाचा जीव. नागपूर हे दख्खनच्या बेसॉल्ट पठाराच्या पूर्वेकडच्या काठावर वसलेलं गाव. पश्चिमेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड, पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुना खडक. हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते स्टीफन हिस्लॉप १८५० च्या दशकात हातोडी घेऊन याच भागात फिरले आणि इथले खडक आणि जीवाश्म त्यांनी नोंदवून ठेवले. रोव्हर करतो ते काम तेच, फक्त हिस्लॉपसाहेबांना हातोडी मारल्यावर उत्तरासाठी पृथ्वीवर संदेश पाठवावा लागत नव्हता. मंगळावरून रेडिओ संदेश यायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात.

तर तिसरं खनिज, ऑलिव्हीन. हे फार नाजूक. पाणी लागलं की खडकातली जी खनिजं सगळ्यात आधी कुजतात त्यांत याचा नंबर वरचा. ते मंगळाच्या वरवरच्या मातीत धडधाकट सापडतं, याचा अर्थ ही माती दीर्घकाळ कोरडी आहे. भिजली असती तर ऑलिव्हीन उरलंच नसतं.

आणि मग फेब्रुवारी २०१३ उजाडला. रोव्हरने जवळच्या बारीक कणांच्या खडकात भोक पाडलं. मंगळावरच्या खडकात यंत्राने भोक पाडून नमुना घेण्याची ती पहिली वेळ. वरचा खडक तांबूस, आणि भोकातून आलेली पूड राखाडी! खदानीत काम केलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. मुरमाखालचा गोटा फोडला की वर पिवळट-तांबूस साल असते आणि आत निळसर-काळा दगड. मंगळाचा लाल रंग तसाच, कातडीपुरता. लोहाचा गंज चढलेली धूळ सगळीकडे बसली आहे, एवढंच. ही धूळ नेमक्या कोणत्या गंजाची यावरही वाद आहे. पाठ्यपुस्तकात हेमेटाइट लिहिलेलं असतं. २०२५ च्या एका अभ्यासाने फेरिहायड्राइटच्या बाजूने कौल दिला. ते थंड पाण्यात तयार होतं, म्हणजे खुद्द धुळीतही पाण्याची खूण.

त्या राखाडी पुडीत सुमारे पाचवा हिस्सा स्मेक्टाइट गटातली चिकणमाती निघाली. हे नाव वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. कारण मामांच्या वावरातली भेग स्मेक्टाइटमुळेच पडते. विदर्भाची काळी माती बेसॉल्ट कुजून झालेली आणि तिच्यातला मुख्य चिकण घटक हाच. त्याची रचना पत्त्यांच्या कॅटसारखी असते, पातळ थरावर थर. पाणी थरांच्या मध्ये शिरतं आणि कॅट फुगतो. पाणी गेलं की आवळतो. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि मध्ये सापडलेल्या घराच्या भिंतीला तिरपी चीर जाते. आमच्या जुन्या घराची मागची भिंत तीनदा लिंपून झाली, मिस्त्री दरवेळी सिमेंटलाच दोष देतो.

मंगळावरची ही चिकणमाती आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण नाही, चुलत म्हणा. तिच्यात लोह आणि मॅग्नेशियम जास्त. पण दोघींचं घराणं एक: बेसॉल्टचा दगड आणि त्याच्यावर मुक्काम केलेलं पाणी. मुक्काम हा शब्द महत्त्वाचा. पाणी नुसतं वाहून गेलं तर दगड झिजतो, त्याची चिकणमाती होत नाही. शिवाय स्मेक्टाइट फार आंबट पाण्यात टिकत नाही. गेल विवरातलं ते पाणी आंबट नव्हतं, फार खारटही नव्हतं. मोहिमेचे त्या वेळचे प्रमुख शास्त्रज्ञ जॉन ग्रोट्झिंगर यांनी तर सांगितलं होतं की आपण तेव्हा तिथं असतो तर ते पाणी पिता आलं असतं.

म्हणजे एकाच ठिकाणी दोन जबान्या मिळतात. वरची सैल माती सांगते, मी ओली झालेच नाही. खालचा खडक सांगतो, मी तळ्याच्या तळाशी साचलो. दोघेही खरं बोलतात, फक्त त्यांच्यात काही अब्ज वर्षांचं अंतर आहे.

नागपूरकडचा जुना शेतकरी जमिनीला काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी नावं देतो. नाव ऐकलं की कळतं, पाणी किती धरेल, काय पिकेल. रोव्हर शार्प नावाच्या साडेपाच किलोमीटर उंच डोंगराच्या उतारावर चढतो आहे तो असंच एकेक नाव वाचत. खालचे थर जुने, वरचे नवे. खाली चिकणमाती भरपूर, वर जाताना ती कमी होते आणि सल्फेटचे क्षार वाढतात. तळं आटत गेलं, पाणी खारवत गेलं. मामांना दाखवलेले ते षटकोन बरोबर या दोन थरांच्या मधल्या पट्ट्यातले आहेत. ओल्या जगातून कोरड्या जगात जाण्याचा तो उंबरठा.

नदीचीही खूण आहे. उतरल्यावर काही आठवड्यांतच रोव्हरला गोटे एकमेकांना चिकटून झालेला खडक दिसला. गोटे गुळगुळीत, वाटोळे. कन्हानच्या पात्रात बसून आंघोळ केलेल्या कोणालाही ते कसे होतात हे सांगायला नको. वारा वाळू उडवतो, पण एवढे गोटे त्याला उचलत नाहीत. पाणी घोट्यापासून कमरेपर्यंत खोल आणि माणसाच्या चालीने वाहत असावं, असा हिशोब गोट्यांच्या आकारावरून मांडला गेला.

सगळीकडे मात्र पाणी असं गोड नव्हतं. ऑपॉर्च्युनिटी हा रोव्हर जानेवारी २००४ मध्ये ग्रहाच्या दुसऱ्या बाजूला उतरला होता. तिथं जॅरोसाइट नावाचं खनिज सापडलं, ते आंबट पाण्यात तयार होतं. सोबत मिरीएवढ्या हेमेटाइटच्या असंख्य गोळ्या, खडकात मुरणाऱ्या पाण्याने जमवलेल्या. मंगळाचं एकच एक हवामान कल्पू नये. कोकणात पडणारा पाऊस बघून अकोल्याचा अंदाज कोणी करतं का?

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ते चाकांनी लावलेले शोध. ऑपॉर्च्युनिटीचा जोडीदार स्पिरिट. त्याचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये जाम झालं. मग तो उलटा चालायला लागला, मेलेलं चाक वखरासारखं मागे ओढत. २००७ मध्ये त्या चाकाने जमीन उकरली आणि खाली पांढरीफटक माती उघडी पडली, ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध सिलिका. असली सिलिका गरम पाण्याचे झरे किंवा वाफ असेल तिथं साचते. चाक धड असतं तर स्पिरिट वरून निघून गेला असता. मे २०२४ मध्ये क्युरिऑसिटीचं तसंच झालं. एका दगडावरून चाक गेलं, दगड फुटला, आत पिवळेधमक स्फटिक. शुद्ध गंधक! आणि आजूबाजूला तसलेच दगड पसरलेले. मंगळावर सल्फेट खूप, पण निव्वळ गंधक तोवर कोणी पाहिलं नव्हतं आणि तिथं ते का असावं याचं पटेल असं स्पष्टीकरण अजून झालेलं नाही. कोट्यवधी डॉलरचे कॅमेरे एकीकडे आणि फिरतं चाक एकीकडे.

कॅमेऱ्यांबद्दल एक सावधगिरी. मंगळाचे फोटो पाहताना रंगावर लगेच विश्वास टाकू नका. तिथला उजेड धुळीतून गाळून येतो, म्हणून कच्च्या फोटोत सगळंच पिवळट-तपकिरी असतं. भूवैज्ञानिकांना दगड ओळखता यावेत म्हणून बरेच फोटो पृथ्वीवरच्या उजेडात कसे दिसतील तसे करून दाखवतात. रोव्हरच्या पाठीवर रंगांच्या ठिपक्यांची एक तबकडी असते. कॅमेरा आधी तिचा फोटो घेतो, आणि खरा रंग माहीत असल्याने बाकीचा हिशोब बसवता येतो. धूळ बसून तबकडीच खराब होऊ नये म्हणून ठिपक्यांभोवती लोहचुंबक बसवले आहेत. मंगळाची धूळ त्यांना चिकटते. सूर्यास्त मात्र खरोखर निळा. आपल्याकडे आकाश निळं आणि मावळती तांबडी, तिथं उलट, कारण तिथल्या धुळीचे बारीक कण निळा प्रकाश सूर्याच्या दिशेनेच पुढे सोडतात.

मामांचा पुढचा प्रश्न अर्थातच होता, "कापूस होईन का?"

पाणी आहे, पण मातीत अडकलेलं. रोव्हरने माती ८०० अंशांच्या पुढे तापवली तेव्हा वजनाच्या साधारण २ टक्के पाणी निघालं. म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागे एक लिटर. एवढ्यासाठी भट्टी लावावी लागेल हे सांगितल्यावर मामांनी हात झटकले. शिवाय मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत. २००८ मध्ये फीनिक्स यानाला उत्तर ध्रुवाकडच्या मातीत ते सुमारे अर्धा टक्का आढळले, पुढे क्युरिऑसिटीलाही त्यांच्या खुणा मिळाल्या. माणसाच्या थायरॉइडला ते घातक.

या परक्लोरेटने एक जुनी फसगतही उघडी केली. १९७६ मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची माती तापवून सेंद्रिय पदार्थ शोधले होते. क्लोरीन असलेली थोडी संयुगं सोडता काही मिळालं नाही, आणि ती संयुगंही यान पुसायला वापरलेल्या रसायनांची असावीत असं मानलं गेलं. 'मंगळाच्या मातीत काही नाही' हा निकाल तीस वर्षं टिकला. पण परक्लोरेट तापलं की त्यातून ऑक्सिजन आणि क्लोरीन सुटतात, आणि सोबतचं सेंद्रिय जळून जातं. भाजून पाहताना पुरावाच जाळला गेला, ही शक्यता २००८ नंतर लक्षात आली. पुढे क्युरिऑसिटीने अधिक जपून काम केलं आणि २०१८ मध्ये प्राचीन चिखलाच्या खडकातले सेंद्रिय रेणू जाहीर झाले. २०२५ मध्ये १० ते १२ कार्बनच्या साखळ्याही. असे रेणू जिवाशिवायही बनतात, उल्कांमधूनही येतात, हे लगेच जोडून सांगायला हवं.

मँगनीजचं कोडं मात्र नागपूरकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रामटेकच्या वाटेवर मनसर आणि कांद्रीच्या मँगनीज खाणी आहेत. गेल विवरातही मँगनीजचे ऑक्साइड सापडले. ते साचायला पाण्यात जोरदार ऑक्सिडीकरण व्हावं लागतं. पृथ्वीवर हवेतला ऑक्सिजन ते करतो, जीवाणू त्याला वेग देतात. मंगळावर कोणी केलं?

आता शेवटचा दगड. पर्सिव्हिअरन्स हा रोव्हर फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरला, जिथं एका नदीने तळ्यात गाळ टाकून त्रिभुज प्रदेश केला होता. जुलै २०२४ मध्ये त्याला जुन्या नदीच्या पात्रात बाणाच्या टोकासारखा एक दगड मिळाला. त्यावर काळ्या कडांचे फिकट ठिपके, बिबट्याच्या अंगावर असतात तसे. ठिपक्यांत लोहाचं फॉस्फेट आणि लोहाचं सल्फाइड असावं असं उपकरणांनी सांगितलं, आणि खडकात सेंद्रिय कार्बनही. नाग नदीच्या पुलावर नाक दाबून उभे राहिलात तर खालचा गाळ काळाकुट्ट दिसतो. तो काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा, आणि ते बनवतात ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू, सडणाऱ्या घाणीवर पोसून. जेझेरोच्या चिखलात लोह, गंधक आणि सेंद्रिय यांची देवाणघेवाण तशीच झालेली दिसते. सप्टेंबर २०२५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा शब्द जपून वापरले होते: जीवाची संभाव्य खूण. जीवाणूंशिवाय हे घडायला सहसा जास्त उष्णता किंवा आंबट पाणी लागतं, आणि त्या खडकात दोन्हींच्या ठळक खुणा नाहीत. तरी 'सहसा' या शब्दात पुष्कळ वाटा लपतात.

पक्कं ठरवायला तो दगड पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत यायला हवा. रोव्हरने त्यातून कांडी कापून नळीत घातली, झाकण बसवलं. आधीच्या १० नळ्या त्याने २०२२-२३ च्या हिवाळ्यात जेझेरोच्या जमिनीवर मांडून ठेवल्या आहेत, कोणी न्यायला आलंच तर. आणायची मोहीम खर्चामुळे रेंगाळली आहे. बिबट्याच्या ठिपक्यांची नळी मात्र जमिनीवर ठेवलेली नाही. ती अजून रोव्हरच्या पोटातच फिरते आहे.